नऊशे मीटर की पावणेतीन किलोमीटर : एका वाडीच्या शाळेसाठी विधिमंडळापर्यंत केलेला पाठपुरावा

कमी पटाची शाळा दुसऱ्या शाळेत मिसळली जाऊ नये म्हणून एका वाडीनं केलेल्या धडपडीचं, कोकणातल्या एका तालुक्यातलं हे प्रकरण आहे. गाव, वाडी, माणसं आणि लोकप्रतिनिधी यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी त्या भागात केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या प्राथमिक शाळांवर देखरेख करणारा अधिकारी होतो, निवृत्त झालो, आणि या सगळ्या काळात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांना बसून कागद लिहायला मदत करत होतो. त्यामुळे मी तटस्थ नाही. ती शाळा राहावी असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण आमच्या हातून काय चुकलं तेही तितकंच स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण पुढच्या वाडीला उपयोग त्याचाच होणार आहे.

पार्श्वभूमी

वाडी सड्याच्या उतारावर आहे. ३८ उंबरे, त्यातले निम्मे फक्त गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. जांभ्याच्या भिंती, कौलं जाऊन आलेला पत्रा, दोन खोल्या. २०२३-२४ ला पट १४ होता, त्यात ८ मुली. तीन मुलं बौद्धवाडीतली, दोन कातकरी कुटुंबांतली. एक गुरुजी, एक बाई. सहावीपासून मुलं गावठाणातल्या मोठ्या शाळेत जातात. वाडी आणि गावठाण यांच्यामध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा आहे. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, आषाढात त्याच्या जवळ जायची सोय नसते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळेला व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधून आणि मुख्याध्यापक सचिव. कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. शाळेवर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, अनुदानाचा हिशेब पाहणं ही कामं समितीला दिलेली आहेत. धोरणाबद्दल सरकारकडे म्हणणं मांडा असं कुठं लिहिलेलं नाही, मांडू नका असंही नाही. आमच्याकडच्या बहुतेक समित्यांचं काम पोषण आहाराची चव, गणवेश आणि १५ ऑगस्टचा खाऊ यापलीकडे गेलेलं नव्हतं. अध्यक्ष होत्या एका काजू कारखान्यात काम करणाऱ्या ताई. शिक्षण सातवी. पुढं जे घडलं त्यात सगळ्यात जास्त निर्णय त्यांनी घेतले.

अडचण

२१ सप्टेंबर २०२३ ला शिक्षण आयुक्तालयाचं पत्र निघालं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारायच्या, त्यासाठी जिल्ह्यांनी १५ ऑक्टोबरपर्यंत प्रस्ताव द्यावेत. पुण्यातल्या पानशेतचा आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचा नमुना समोर ठेवला होता. राज्यात अशा शाळा पावणेपंधरा हजारांच्या घरात. सरकारचं म्हणणं असं की चार-सहा मुलांच्या वर्गात खेळ, ग्रंथालय, संगणक, बरोबरीचे सवंगडी काहीच मिळत नाही, आणि शाळा बंद करण्याचा हेतू नाही. पण २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांची यादी निघाली होती, ती लोकांच्या लक्षात होती. 'समायोजन' हा शब्द ऐकला की वाडीतल्या माणसाला कुलूपच दिसतं.

पत्र निघालं तो गौरी आवाहनाचा दिवस. म्हणजे मुंबईचे सगळे चाकरमानी त्या वेळी वाडीत होते. बातमी वर्तमानपत्रातून आणि व्हॉट्सॲपवरून विसर्जनाच्या सुमाराला पोचली. तालुक्याच्या कार्यालयात तक्ता भरायचं काम सुरू झालं होतं, आणि त्यात आमच्या शाळेपुढं जवळच्या शाळेचं अंतर लिहिलं होतं ०.९ किलोमीटर.

हा आकडा महत्त्वाचा होता. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळा १ किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीला ३ किलोमीटर. ०.९ म्हणजे वाडीतल्या मुलांसाठी गावठाणातली शाळा नियमात बसते. नकाशावर रेघ मारली तर ते खरंही आहे. पण मुलं रेघेवरून चालत नाहीत. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट उतरून पऱ्या ओलांडून गेलं तर दीड किलोमीटरला थोडं कमी, आणि पऱ्याला पाणी असलं की डांबरी रस्त्यानं पुलावरून फेरा.

समोर असलेले पर्याय

वाडीच्या मांडावर बैठक झाली तेव्हा चार मतं पुढं आली.

पहिलं मत मान्य करण्याचं होतं, आणि ते एका आईचं होतं. तिची मुलगी तिसरीत एकटी. ती म्हणाली, "माझ्या पोरीला वर्गात भांडायला पण कोण नाय. गाडी देत असतील तर मी पाठवीन." बैठकीत तिला गप्प बसवलं गेलं. मी तिथं होतो आणि मीही तिच्या बाजूनं बोललो नाही. तिचा मुद्दा खरा होता, आणि तो बाजूला ठेवून आम्ही पुढं गेलो. याची किंमत नंतर मोजली, ते पुढं येईल.

दुसरं मत आंदोलनाचं. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीच्या मुलांनी शेळ्या घेऊन नाशिकची जिल्हा परिषद गाठली होती, 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' म्हणत. ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेलं. तरुणांना तसं काही करायचं होतं. अध्यक्षताईंचं उत्तर सरळ होतं. तिथं शाळा बंद झालेली होती, इथं अजून झालेली नाही. आत्ताच सगळा जोर संपवला तर कुलूप लागेल त्या दिवशी काय करणार? शिवाय मुलांना उन्हात उभं करायला दोन आयांचा ठाम नकार होता.

तिसरं, कोर्ट किंवा बाल हक्क आयोग. कलम ३२ प्रमाणे आधी स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार, मग आयोगाकडे अपील, हा मार्ग होता. पण तक्रार कशाची करणार? निर्णयच झाला नव्हता. हा मार्ग राखून ठेवायचं ठरलं.

चौथं मत मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाचं. मंडळाच्या सेक्रेटरींची मंत्रालयात ओळख होती. "एक फोन करतो, आपली शाळा यादीतून काढून घेऊ." सगळ्या मांडावर क्षणभर हायसं वाटलं. इथं मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय झाला. अध्यक्षताई म्हणाल्या, "भाऊ, आपली काढली तर आकडा भरायला पलीकडच्या वाडीची घालतील. तिथं माझी बहीण दिली आहे." थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ठरलं की आसपासच्या अशाच वाड्यांच्या समित्यांनी मिळून म्हणणं मांडायचं, आणि ते एका शाळेसाठी सवलत म्हणून नाही, तर अंतर कसं मोजावं या नियमाबद्दल मांडायचं. सेक्रेटरींना हे लगेच पटलं नाही, पण त्यांनी नंतर जितकी धावपळ केली तितकी कोणीच केली नाही.

काय केलं

सात दिवसांत अकरा समित्या जमल्या. प्रत्येकीनं ठराव करायचा होता, आणि पहिलीच अडचण मुख्याध्यापकांची आली. ते समितीचे सचिव, पण जिल्हा परिषदेचे कर्मचारी. १९६७ चे वर्तणूक नियम त्यांना लागू. सरकारच्या धोरणाविरुद्ध ठराव त्यांच्या अक्षरात गेला तर नोटीस येऊ शकते ही भीती अनाठायी नव्हती. दोन शाळांत गुरुजींनी बैठकच लावली नाही. मग तोड निघाली. ठरावाचा मसुदा पालकांनी स्वतःच्या हातानं लिहायचा, सूचक आणि अनुमोदक पालकच, आणि सचिवांनी फक्त इतिवृत्तात नोंद करायची की असा ठराव मांडला गेला व मंजूर झाला. गुरुजींच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ज्या शाळांत हे नीट समजावून सांगितलं तिथं गुरुजींनीच मग पट, हजेरी, युडायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीतली) माहिती काढून दिली, जी त्यांना द्यायचा पूर्ण अधिकार होता.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा होता. गणपूर्ती झाली नाही. आमच्याकडे हे नेहमीचं आहे, कारण यादीतले निम्मे मतदार विरार, नालासोपारा, दिव्याला राहतात. मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातला कमी असेल तो आकडा लागतो, आणि तोही भरला नाही. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ती चार दिवसांनी झाली आणि ठराव मंजूर झाला. पण १५ ऑक्टोबरची मुदत समोर असताना ते चार दिवस जीव टांगणीला लावून गेले. गणपतीत चाकरमानी वाडीत होते तेव्हाच विशेष ग्रामसभा मागितली असती तर मंडप भरून गेला असता.

आता अंतराची गोष्ट. गवंड्याकडून तीस मीटरची फीत आणली. अध्यक्षताई, एक माजी सैनिक, मी, आणि दुसरीतला एक मुलगा दप्तरासह. शाळेच्या पायरीपासून सुरुवात केली. डांबरी रस्त्यानं, पुलावरून, गावठाणातल्या शाळेच्या फाटकापर्यंत. फीत ९१ वेळा टाकली आणि वर दहा मीटर राहिले. एकूण २,७४० मीटर. दर फितीला सैनिकभाऊ खडूनं रस्त्यावर रेघ मारायचे आणि ताई वहीत उभी काडी ओढायच्या, पाचवी काडी आडवी. मुलगा सुरुवातीला पुढं पळत होता. चाळिसाव्या फितीनंतर त्यानं दप्तर माझ्याकडे दिलं. चढावर तो दोनदा बसला. फीत न टाकता, नुसतं त्याच्या चालीनं परत येताना वेळ लावली, तर ५८ मिनिटं झाली. परतीच्या वाटेवर ताई एकच वाक्य बोलल्या, "आणि हे ऑक्टोबरच्या उन्हात. पावसात छत्री एका हातात."

पावसाचा पुरावा कुठून आणायचा? पाऊस संपलेला. कोणाच्या मोबाइलमध्ये पऱ्याचे फोटो होते, पण तारीख दिसत नव्हती. ही युक्ती गुरुजींना सुचली, आणि मला आजही तिचं कौतुक वाटतं. वाडीतली सहावी-सातवीची सहा मुलं गावठाणातल्या शाळेत जातच होती. त्यांची जुलैची हजेरी मागवली. जुलै २०२३ मध्ये ती शाळा २२ दिवस भरली होती. या सहा जणांतला सगळ्यात जास्त हजर असलेला १४ दिवस, सगळ्यात कमी ९ दिवस. त्याच वर्गातली गावठाणातली मुलं बहुतेक दिवस हजर. ज्या आठवड्यात रायगडात इर्शाळवाडीवर दरड आली, त्या आठवड्यात तर वाडीतल्या एकाही आईनं मूल उंबऱ्याबाहेर सोडलं नव्हतं. ही सहा मुलं बारा-तेरा वर्षांची. मग सहा वर्षांच्या मुलाचं काय होईल, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. पुरावा सरकारच्याच हजेरीपटातला होता.

एवढं हातात असूनही आमचं पहिलं निवेदन फसलं. चार पानी होतं. सावित्रीबाईंपासून सुरुवात, मधे वाडीचा इतिहास, शाळेतून कोण कोण मोठं झालं ते, आणि अंतराचा तक्ता चौथ्या पानावर. आमदारसाहेबांना शाल-श्रीफळासह दिलं, फोटो निघाला. दहा दिवसांनी विचारायला गेलो तर स्वीय सहायकांनी प्रांजळपणे सांगितलं, "गुरुजी, साहेब वाचतात ते पहिल्या पानाचा वरचा अर्धा भाग. तेवढ्यात काय पाहिजे ते लिहा." त्या माणसाचे मी आभार मानतो. दुसरं निवेदन एका पानाचं झालं. वर अकरा शाळांचा तक्ता, त्यात शाळेचं कार्यालयीन अंतर, प्रत्यक्ष पायी अंतर, पट, जुलैची हजेरी. खाली तीन मागण्या. अंतर पावसाळी पायवाटेनं मोजावं, व्यवस्थापन समितीच्या लेखी संमतीशिवाय कोणतीही शाळा समूहात घेऊ नये, आणि वाहन सुरू झाल्याखेरीज मूल हलवू नये.

कागद कोणाच्या हातात द्यायचा, यातही आमचे दिवस गेले. साधारण रीत म्हणजे जिल्हा परिषद सदस्याकडे जायचं, तो शिक्षण समितीत विषय मांडतो. पण मार्च २०२२ पासून आमच्या जिल्हा परिषदेवर प्रशासक होता. सदस्य नाहीत, सभापती नाहीत, शिक्षण समितीची सभा नाही. जिथं खरं तर हा विषय मांडायचा ते सभागृहच रिकामं होतं. याची झळ त्या वर्षांत ग्रामीण शाळांना किती बसली हे फारसं कुणी लिहिलेलं नाही.

मग कोणीतरी म्हणालं, शिक्षक आमदारांकडे जाऊ, शिक्षणाचा विषय आहे. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात सदस्य असतात. पण त्या मतदारसंघात मत माध्यमिक आणि त्यावरच्या शाळांतल्या शिक्षकांना असतं. घटनेच्या कलम १७१ मध्येच तसं आहे. प्राथमिक शाळेच्या गुरुजींना तिथं मत नाही. कार्यालयात आमचं ऐकून घेतलं गेलं, चहा मिळाला, पण त्यांच्यापुढं विनाअनुदानित शाळांचे, पेन्शनचे कागद ढिगानं होते. यात कोणाचा दोष काढण्यासारखं नाही. आम्हीच आधी पाहायला हवं होतं की वाडीच्या शाळेचा आवाज त्या मतदारसंघात मोजला जात नाही.

शेवटी दोन दारं धरली. विधानसभेत आमच्या आमदारांकडे लक्षवेधी सूचनेची, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधण्याची विनंती, आणि विधान परिषदेतल्या दुसऱ्या एका सदस्यांकडे तारांकित प्रश्नाची, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाची. दुसरं दार मंडळाच्या सेक्रेटरींनी उघडलं. तारांकित प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावा लागतो हे त्यांनीच शोधून काढलं, नाहीतर आम्ही डिसेंबरमध्ये नागपूरला जायच्या गप्पा करत बसलो असतो. प्रश्नाचा मसुदा आम्हीच दिला. समूह शाळेच्या प्रस्तावांत अंतर कोणत्या पद्धतीनं मोजलं, व्यवस्थापन समित्यांची संमती घेतली काय, घेतली नसल्यास कारणं काय. त्यात भाषण नव्हतं, आणि म्हणूनच तो तसाच्या तसा गेला.

निष्पत्ती

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तालुक्यातल्या सगळ्या कमी पटाच्या शाळांना पंचायत समितीतून फोन आले. जवळच्या शाळेपर्यंतचं प्रत्यक्ष अंतर आणि समितीचं म्हणणं, दुपारी चारपर्यंत द्या, विधिमंडळाचं काम आहे. ज्यांनी सरकारी कार्यालयात काम केलं आहे त्यांना माहीत असेल, विधिमंडळाच्या प्रश्नाची फाइल कोणीही टेबलावर पडू देत नाही. बाकीच्या शाळांनी अंदाजानं आकडे भरले. आमच्या अकरा शाळांकडे मोजलेले आकडे आणि सहीशिक्क्याचा ठराव तयार होता. ते तक्त्यात गेले. ०.९ च्या जागी २.७ असं पहिल्यांदाच सरकारी कागदावर आलं.

हे आम्हाला अपेक्षितच नव्हतं. आम्ही उत्तराची वाट पाहत होतो आणि काम प्रश्नानंच करून टाकलं. अधिवेशन ७ डिसेंबरला नागपुरात सुरू झालं, २० ला संपलं. तारांकित प्रश्न तोंडी चर्चेला आलाच नाही. छापील यादीत त्रोटक उत्तर आलं, शाळा बंद करण्याचा निर्णय नाही एवढ्याच अर्थाचं. लक्षवेधी लागली नाही. आमदारसाहेब औचित्याच्या मुद्द्यावर दीडेक मिनिट बोलले. त्याची चित्रफीत वाडीच्या गटावर आली तेव्हा ताई कारखान्यात होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी ती पाहिली आणि मला फोन केला. "गुरुजी, साहेबांनी आकडा बरोबर वाचला. दोन हजार सातशे चाळीस." बाकी भाषणाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

तालुक्यातून पुढं गेलेल्या यादीत आमच्या अकरापैकी पाच शाळा नव्हत्या. पाचांचं पायी अंतर नियमापेक्षा स्पष्ट जास्त होतं. उरलेल्या सहा 'विचाराधीन' राहिल्या. त्या वर्षी एकाही शाळेला कुलूप लागलं नाही.

इथवर गोष्ट चांगली आहे. पण १५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचे, म्हणजे पटाप्रमाणे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, नवे निकष आले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात साठपर्यंत पटाला दोन शिक्षक आहेत. नव्या निकषांनी वीसपर्यंतच्या शाळेला एक नियमित शिक्षक आणि गरजेप्रमाणे दुसऱ्या जागी निवृत्त शिक्षक, अशी वाट काढली. सप्टेंबर २०२४ मध्ये डी.एड., बी.एड. झालेल्या उमेदवारांना १५ हजार रुपये मानधनावर कंत्राटी नेमण्याचा निर्णय आला, आणि २५ सप्टेंबरला राज्यभरचे शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर आले. आमच्या वाडीत जून २०२४ ला शाळा उघडली तेव्हा बाईंची बदली झालेली होती. गुरुजी एकटे, पाच इयत्ता. दुसरी जागा ऑक्टोबरपर्यंत रिकामी होती. गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले की शाळा अंगणवाडीच्या ताई सांभाळायच्या. शाळा वाचली होती, पण त्यातलं शिकवणं अर्ध्यावर आलं होतं.

आणि ज्या आईला आम्ही गप्प बसवलं होतं, तिनं त्याच जूनमध्ये मुलीचा दाखला काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातला. व्हॅन रस्त्यापर्यंत येते. पट १४ वरून १३ झाला तो असा. अकरांतल्या दोन वाड्यांत तर त्या वर्षी पट शून्यावर गेला, आणि त्या शाळा कोणत्याही आदेशाशिवाय मिटल्या.

आज वेगळं काय केलं असतं

पहिली गोष्ट, मागणीत शिक्षकांची संख्या घातली असती. तीन मागण्यांपैकी एकही वर्गात काय होतं याबद्दल नव्हती. आम्ही इमारत आणि अंतर यातच अडकलो. संचमान्यता हा शब्द आमच्या एकाही ठरावात नाही. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पाच महिने होते, आमदारांशी ओळख झालेली होती, त्याच तक्त्यात 'दोन नियमित शिक्षक' एवढं एक सदर वाढवायचं होतं. डिसेंबरनंतर अकरा समित्यांची एकही एकत्र बैठक झाली नाही. जिंकलो असं समजून प्रत्येक जण आपापल्या कामाला लागला, मीसुद्धा.

दुसरी गोष्ट, त्या आईचं म्हणणं पहिल्याच बैठकीत कागदावर घेतलं असतं. एकट्या मुलाला सोबती नसणं ही खरी उणीव आहे, आणि समूह शाळेचा विचार मांडणारे ती दाखवतात तेव्हा ते चुकीचं बोलत नाहीत. तिच्यावर उपाय होते. आठवड्यातून एक दिवस तीन वाड्यांची मुलं एकत्र आणणं, खेळाचे तास सामायिक करणं, केंद्रातल्या बालआनंद मेळाव्यासारखं काही वर्षभर चालवणं. केंद्रप्रमुख असताना मी हे करू शकलो असतो. आम्ही सरकारपुढं नुसता नकार ठेवला. नकारासोबत हा पर्याय ठेवला असता तर सहा शाळा 'विचाराधीन' राहिल्या नसत्या असं मला वाटतं.

तिसरी, नियम कसे बदलतात यावर नजर ठेवायला हवी होती. आम्ही अधिवेशनाकडे पाहत बसलो, पण संचमान्यतेचे निकष शासन निर्णयानं आले, सभागृहात चर्चा न होता. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला, खासगी शाळांतल्या दुर्बल व वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के प्रवेशांचा नियमही अधिसूचनेनंच बदलला गेला. तो १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केला, कारण त्या पालकांच्या बाजूनं लक्ष ठेवणारी माणसं होती. वाड्यांच्या समित्यांसाठी असं कोणी नव्हतं. तालुक्यात एक जण तरी शासन निर्णयांचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा उघडून पाहणारा हवा.

चौथी, मोजणी पावसात करायची, आणि जूनमध्येच. हजेरीपटाची युक्ती सुचली नसती तर आमच्या हातात फक्त कोरड्या रस्त्याचा आकडा होता.

मंत्रालयातला तो फोन केला नाही हे बरोबर होतं का, असं मला अजूनही लोक विचारतात. सेक्रेटरींच्या मते त्या फोननं दोन शिक्षकसुद्धा टिकले असते. कदाचित टिकले असते. ताईंच्या बहिणीच्या वाडीतली शाळा यादीतून सुटलेल्या त्या पाचांत होती, ती आजही भरते.

समितीची मुदत संपून नवी समिती आली आहे. तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा या वेळी पालकांनी स्वतः लिहिला, आणि पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात एकच ओळ आहे, 'दोन नियमित शिक्षक'. इंग्रजी शाळेत गेलेल्या त्या मुलीचा धाकटा भाऊ या जूनमध्ये वाडीच्याच शाळेत पहिलीला आला. त्याची आई आता समितीची सदस्य आहे. जुलैची वही तिच्याकडे असते. रोज सकाळी साडेनऊला ती सड्याच्या कडेला उभी राहून पऱ्याचं पाणी बघते, सहावी-सातवीची किती मुलं रस्त्यानं गेली ते मोजते, आणि तारखेपुढं काड्या ओढते, पाचवी आडवी.